केअरफिलीचा किल्ला परतभेटीला येतो

वेल्समधल्या किल्ल्यांना आपण भेट दिली की ते परतभेटीला येतात, फक्त निघताना तोंडानं आमंत्रण द्यावं लागतं. हेमलताबाई तगाऱ्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे एका शनिवारी सकाळी केअरफिलीचा किल्ला दारात येऊन उभा राहिला, तेव्हा त्यांच्या केसांना तेल होतं आणि अंगावर घरातली विटकी साडी होती.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "फोन तरी करायचा आधी."

"तुम्हीच म्हणाला होतात, केव्हाही या," किल्ला म्हणाला.

हे खरं होतं. हेमाताई मिरजेच्या. कार्डिफच्या उपनगरात राहणाऱ्या मुलाकडे, मकरंदकडे, त्या सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. आईला घरात करमत नाही हे मकरंदच्या लक्षात आलं होतं आणि त्यावर त्यानं किल्ले हा उपाय काढला होता. दर शनिवारी तो आईला आणि बायकोला, अश्लेषाला, गाडीत घालून एकेक किल्ला दाखवून आणी. डब्यात धपाटे, थर्मासमध्ये चहा, आणि संध्याकाळपर्यंत घरी परत. मकरंद पाट्या वाचत पुढे पळे, अश्लेषा फोटो काढी, आणि हेमाताई निघताना दरवाजाशी मागे वळून म्हणत, "बरंय, येतो आम्ही. या एकदा आमच्याकडे."

मिरजेत कुणाच्याही घरून निघताना असं म्हणतात, आणि ऐकणारा "हो, येऊ की" म्हणून ते विसरून जातो. रॅग्लनचा किल्ला तसंच म्हणाला होता. चेपस्टोचा "बघू, जमवू" म्हणाला होता, पुण्यातल्या नातेवाइकांसारखं. केअरफिलीचा काहीच बोलला नव्हता. जो गप्प राहतो तो मनावर घेतो, हे हेमाताईंच्या ध्यानात यायला हवं होतं.

आता तो आला होता. खंदक तेवढा त्यानं घरी ठेवला होता, कारण लोकांच्या दारात पाणी घेऊन जाणं बरं दिसत नाही. मुख्य दरवाजा तगाऱ्यांच्या अंगणात मावला. तटबंदी मागच्या गल्लीवरून पलीकडच्या गोल्फच्या मैदानावर पसरली होती, आणि त्याचा तो प्रसिद्ध कललेला बुरूज शेजारच्या ब्रॉन्वेनबाईंच्या टोमॅटोंवर वाकून बघत होता. ब्रॉन्वेनबाई कुंपणापाशी आल्या, त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "केअरफिली होय? सभ्य आहे. आमच्या मावशीकडे एकदा पेम्ब्रोक आला होता, त्याच्यापुढे कुणाला बोलायची सोय नव्हती." आणि टोमॅटोंना पाणी घालायला लागल्या.

हेमाताईंनी चटकन साडी बदलली आणि पोहे भिजवले. खरं सांगायचं तर त्यांना आनंदच झाला होता. या घरात येऊन त्यांना चार महिने झाले होते आणि एवढ्या दिवसांत दाराची बेल फक्त सामान आणून देणाऱ्यानं वाजवली होती. तोही दार उघडेपर्यंत पायरीवर खोकं ठेवून पसार झालेला असे. मिरजेत त्यांच्याकडे दुपारी झोपायची चोरी. कुणी लोणच्याला फोडी मागायला येई, कुणी सुनेची गाऱ्हाणी घेऊन. इथं लोक पंधरा दिवस आधी दिवस ठरवत आणि आदल्या दिवशी रद्द करत. हेमाताई मुलापाशी कधी तक्रार करत नसत, पण चार माणसांचा चहा टाकायची सवय काही केल्या जात नव्हती, आणि रोज उरलेला चहा ओतून देताना त्यांना रडू येई.

पोह्यांची परात त्यांनी दरवाजाच्या कमानीखाली ठेवली. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. चहा किल्ल्यानं विहिरीत ओतून घेतला. पोहे त्याच्याबरोबर आलेल्या कावळ्यांनी संपवले आणि ते बुरुजाकडे बघत पसंतीच्या माना हलवू लागले.

"अजून थोडे घ्या," हेमाताई म्हणाल्या.

"नको, पुष्कळ झाले."

"असं कसं? एवढा मोठा देह तुमचा."

किल्ल्यानं आणखी एक परात घेतली. मग पाहुण्याला घर दाखवायचं म्हणून मकरंद पुढे झाला. किल्ला खिडक्यांतून डोकावत होता आणि मकरंद आतून सांगत होता, "हा हॉल. हे किचन, गेल्या वर्षीच नवीन केलं. वर तीन बेडरूम."

"कुठल्या काळातलं?" किल्ल्यानं विचारलं.

"एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर."

"म्हणजे अजून ओलंच आहे. भिंती पातळ वाटतात. वेढा पडला तर?"

"विमा आहे," मकरंद म्हणाला.

किल्ल्यानं ते समजून घेतलं. बॉयलरवरची सूचना त्यानं शेवटपर्यंत वाचली, जिन्याची माहिती विचारली आणि इथं कुणाला कैदेत ठेवलं होतं का, असंही विचारलं. अश्लेषानं घरून काम करायची खोली दाखवली. किल्ला बराच वेळ तिच्याकडे सहानुभूतीनं बघत राहिला.

दुपारी नगरपालिकेचे प्रॉसर नावाचे गृहस्थ आले. सडपातळ, नीटनेटके आणि नियमाबाहेर श्वाससुद्धा न घेणारे. त्यांनी किल्ल्याच्या भोवती एक फेरी मारली आणि मकरंदला बाजूला घेतलं.

"पाहुणे किल्ले सहापर्यंत चालतात," ते म्हणाले. "त्याला हरकत नाही."

"आणि सहानंतर?"

"सहानंतर त्या जागेवर जी मोठी वास्तू असेल ती घर धरली जाते आणि जी लहान असेल ती पाहुणी."

"म्हणजे?"

"म्हणजे पाहुणीला निघावं लागतं. मोठीची जी मूळ जागा रिकामी झाली असेल, तिथं लहानीची सोय होते. तुमच्या बाबतीत केअरफिली."

"पण आम्ही इथं राहतो!"

"तेही म्हणू शकतात की ते इथं राहतात," प्रॉसर किल्ल्याकडे बघत शांतपणे म्हणाले. "आकारात त्यांची बाजू भक्कम आहे."

मकरंद आत आला तो घामाघूम होऊन. "आई, तू बोलावलंस, आता तूच त्याला जायला सांग. सहाच्या आत तो गेला नाही तर आपलं घर जाईल."

"पाहुण्याला जा म्हणून सांगू? आत्ता कुठे पोहे खाऊन उठलाय."

"आई, मी गंमत करत नाहीये. शाळा, दुकानं, स्टेशन, सगळं बघून तीन वर्षं शोधून हे घर मिळालंय आम्हाला."

"तर मग तू सांग."

मकरंद बाहेर गेला, घसा खाकरला, आणि आईचाच मुलगा असल्यामुळे "चहा घेणार का आणखी?" असं विचारून परत आला.

मग त्यांनी सुचवून बघायचं ठरवलं. मकरंदनं मोठ्यानं जांभया दिल्या. अश्लेषानं परात घासून, पुसून, दणदणीत आवाज करत कपाटात ठेवली. "उद्या लवकर उठायचंय" हे वाक्य दोघांनी आळीपाळीनं म्हटलं. मिरजेचा पाहुणा एव्हाना चपला शोधायला लागला असता. पण ज्यानं वेढे सोसलेत त्याला जांभईचं काय! किल्ला हळूहळू उन्हाकडे पाठ करून सैलावला.

हेमाताई खुर्ची टाकून कमानीत बसल्या होत्या, तांदूळ निवडत.

"तुमच्याकडे माणसं बरीच येतात," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी केवढी गर्दी होती. बरं असतं बाई."

"येतात," किल्ला म्हणाला. "उंची विचारतात, वय विचारतात, फोटो काढतात. सातशे वर्षं झाली. मी कसा आहे ते अजून कुणी विचारलं नाही."

"कसे आहात?"

किल्ल्याच्या कुठल्याशा भिंतीतून थोडी माती घरंगळल्याचा आवाज आला. "पाठ दुखते," तो म्हणाला. "त्या कललेल्या बुरुजाच्या बाजूला. आणि त्या पाण्यात एकट्यानं राहायचा कंटाळा येतो. इथं बरं वाटतंय. सकाळपासून त्या शेजारच्या बाई माझ्याशी टोमॅटोंबद्दल बोलतायत. कुणाच्या तरी शेजारी राहावं असं फार वाटायचं मला."

"तुमच्याकडे माणसं येतात आणि तुम्हाला शेजार नाही," हेमाताई म्हणाल्या. "मला शेजार आहे, पण आत कुणी येत नाही. आहे की नाही मजा?"

सहाला थोडा अवकाश होता तेव्हा किल्ला स्वतःहूनच हलला. तोही काही अडाणी नव्हता. फाटकाजवळ उभे असलेले प्रॉसर आणि त्यांचं घड्याळ त्याला दिसत होतं. त्यानं बुरूज आवरले, तटबंदी गोल्फच्या मैदानावरून ओढून घेतली आणि कावळ्यांना गोळा केलं.

"निघतो मी," तो म्हणाला. "पोहे उत्तम होते."

मकरंदनं सुटकेचा निःश्वास सोडला. अश्लेषानं हात जोडले. हेमाताई पायरीवर उभ्या होत्या. त्यांना आत स्वयंपाकघराच्या ओट्यावर चहाचं पातेलं दिसत होतं. उद्या रविवार. मग सोमवारी दोघं कामाला लागतील आणि त्या घरात परत ती शांतता येईल. त्यांनी किल्ल्याकडे पाहिलं. त्याला परत त्या पाण्यात जायचं नव्हतं आणि त्यांना परत त्या शांततेत जायचं नव्हतं, आणि सगळ्या उपनगरात हे फक्त त्या दोघांनाच माहीत होतं.

"बसा हो," हेमाताई म्हणाल्या. "इतकी काय घाई आहे?"

"आई!" मकरंद ओरडला.

मिरजेत हे वाक्य दारात उभं राहून दहादा म्हणतात आणि त्याला काही अर्थ नसतो. पण हेमाताई या वेळी ते अगदी मनापासून म्हणाल्या होत्या, आणि किल्ल्याला ते कळलं. तो बसला. सहा वाजताच प्रॉसरांनी घड्याळ पाहिलं आणि टोपी काढून किल्ल्याला म्हणाले, "आपल्या नव्या घरात स्वागत असो, महाशय." मग तगाऱ्यांच्या घराला म्हणाले, "आपण निघू शकता."

घर निघालं. अंग चोरून ते गल्लीतून बाहेर पडलं, वळणावर दिवा देऊन डोंगराच्या रस्त्याला लागलं. आत आमटीला उकळी आली होती. ती सांडू नये म्हणून अश्लेषा पातेलं धरून उभी होती. मकरंद जिन्याचा कठडा धरून बसला होता. डोंगरमाथ्यावर गेल्यावर त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं, किचन जागच्या जागी असल्याची खात्री करून घेतली आणि आमटी वाढ म्हणाला. अंधार पडायच्या आत घर केअरफिलीच्या खंदकामधल्या हिरवळीवर टेकलं. बदकं जरा बाजूला सरली. अश्लेषा म्हणाली, "तळ्याकाठी घर हवं असं तूच म्हणायचास ना?" आणि मकरंदनं आमटी परत वाढून घेतली.

रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे पुलाच्या टोकाला तिकीटवाल्या बाई आल्या. त्यांनी घराकडे पाहिलं आणि पाटीवरचा मजकूर बदलला. अकराच्या सुमाराला पुलावर रांग लागली. स्वानसीहून आलेलं एक जोडपं, दुर्बीण घेतलेले आजोबा, छत्र्यांसह एक अख्खी भजनी मंडळी, आणि मोटारसायकलवरचे दोघं. सगळे घराकडे मान वर करून बघत होते, आणि जवळ यायला कुणी धजत नव्हतं. शेवटी स्वानसीच्या बाई पुढे आल्या, त्यांनी बेल वाजवली आणि अदबीनं विचारलं, "आतून बघायची परवानगी आहे का?"

हेमाताईंनी सकाळीच नहाणं उरकलं होतं आणि चहाचं मोठं पातेलं चढवलं होतं. त्यांनी दार पूर्ण उघडलं.

बाई वाकून बूट काढू लागल्या.

"बूट राहू द्या हो," हेमाताई म्हणाल्या. "तुम्ही आत या."