राखीव पाणी

आमच्या वरच्या मजल्यावरचे दामूअण्णा येणाऱ्याला चहा देतात, लाडू देतात, आग्रह करून जेवायलाही बसवतात. पण त्यांच्या स्वयंपाकघरातल्या निळ्या कॅनमधलं पाणी मागितलं, की हात आडवा करून म्हणायचे, "ही सीट राखीव आहे!"

अण्णांची सगळी नोकरी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून माइकपुढे गेली. निवृत्तीनंतर माइक सुटला, आवाज काही सुटला नाही. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, मेथीची भाजी फलाटावर लागत आहे," ही घोषणा आम्हाला खाली ऐकू येते. वीज गेली तर गाडी विलंबाने धावत असते. त्यांच्या पत्नी सुमनताईंनी कानात कापूस घालून संसार केला, असं आम्ही म्हणतो आणि त्या नाही म्हणत नाहीत.

तर हा निळा कॅन. दर रविवारी अण्णा तो स्कूटरला बांधून त्र्यंबकच्याही पुढे, हरसूलच्या रस्त्याला एका डोंगरवाडीवर जायचे आणि तिथल्या झऱ्याचं पाणी भरून आणायचे. वाडी त्यांची सासुरवाडी. धरण उशाला आणि अण्णांची कोरड सासुरवाडीला, अशी मी त्यांची थट्टा करायचे.

एका रविवारी कॅनमधलं पाणी ताकासारखं पांढरं आलं. डोंगरात दगडखाण होतीच. तिच्या क्रशरची भुकटी झऱ्यात उतरली होती. शिवाय आता खाण झऱ्याच्या माथ्यापर्यंत वाढवायचा बेत होता.

त्या संध्याकाळी सुमनताई तांब्या घेऊन खाली आल्या. "आईसाठी पाणी देतेस?"

त्यांची आई गुडघे गेल्यापासून त्यांच्याकडेच राहत होती. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही म्हातारीची रीत. आणि सुमनताईंना मूल झालंच नाही. म्हणून म्हातारीचा चहा, तिची भाकरी, सगळं त्या कॅनमधून व्हायचं. हे मला तेव्हा कळलं.

मी तांब्या वर नेला. म्हातारी म्हणाली, "तुझं पानी चालंल पोरी. पन शेजारनीचं किती दिस प्यायचं? झरा गेला तर मी वाडीवर जाते परत."

"तिथे तरी काय पिणार, आजी?"

"तिथं तहानेली बसंन. लेकीच्या दारात रीत मोडून नाय बसनार."

अण्णा दारात उभे होते. त्या रात्री वरून एकही घोषणा झाली नाही.

झऱ्याचा निकाल लागेपर्यंत म्हातारीने माझा तांब्या चालवून घेतला. खाणीच्या वाढीसाठी जनसुनावणी लागली, तेव्हा अण्णांबरोबर आमची अर्धी कॉलनी गेली. मांडवात खाणीचा इंजिनिअर सुनावणी घ्यायला आलेल्या साहेबांना शांतपणे सांगत होता, "या झऱ्यावर एकच वाडी अवलंबून आहे. तिला आम्ही टँकर देऊ."

अण्णा उठले. किती वर्षांनी हातात माइक आला होता!

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! डोंगरावरून सुटणारं पाणी मार्गस्थ होत आहे. ज्याचा थांबा येईल त्याने उभं राहावं. पहिला थांबा, वाडी!"

पुढच्या बायका हंडे घेऊन उठल्या.

"दुसरा थांबा, आश्रमशाळेची टाकी!" गुरुजींसकट सगळी शाळा उभी राहिली.

"तिसरा थांबा, खालच्या पाड्यांच्या विहिरी!" निम्मा मांडव उठला. खाणवाल्यांनी टाळ्या वाजवायला आणलेली माणसंसुद्धा उठली, कारण त्यांचे पाडेही खालीच होते.

"शेवटचा थांबा, विश्रामगृह! साहेब, सकाळी आपण चहा घेतलात तो याच पाण्याचा!"

साहेब स्वतःच्याही नकळत खुर्चीतून उठले. बसलेला राहिला एकटा इंजिनिअर. मग मांडवात जो काही हंड्यांचा गजर झाला, त्याला तोड नाही.

वाढीची परवानगी नाकारली गेली आणि क्रशरही तिथून हलवावा लागला. बातमी आली त्या दिवशी वाडीने अण्णांना खांद्यावर घेऊन नाचवलं. पावसाने डोंगर धुऊन काढला आणि झरा निवळला.

पहिला स्वच्छ कॅन आला तेव्हा आम्ही फाटकातच त्याला हळदकुंकू वाहिलं. अण्णांनी छाती काढून तो वर नेला, पेला भरला आणि सासूबाईंपुढे धरला. "आई, गाडी फलाटावर लागली आहे!"

म्हातारीने पेला उजेडात धरून पाहिला. मग तो अण्णांच्याच हातात दिला.

"हे तुमी प्या, जावईबापू. मला तुमच्या नळाचं द्या."

अण्णा गडबडले. "अहो आई, पण तुमची रीत..."

"रीत कुठं मोडली? लेकीच्या घरात लेकरू आल्यावर पानी चालतंच की. म्हातारीच्या घोटापायी अख्ख्या खानीशी भांडलं, ते लेकरू नाय तर कोन हाय?"

सुमनताईंनी पदर डोळ्यांना लावला. मी अण्णांच्या घोषणेची वाट पाहत होते. ते तांब्या उचलून आत गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि येतच राहिला.

मी आत डोकावले. तांब्या केव्हाच भरून वाहत होता. आमच्याकडे पाठ करून अण्णा तसेच उभे होते, आणि त्यांच्याने नळ काही बंद होत नव्हता.