सांगितलेलं ऐकणारा डबा

ग्रंथपालांची लेक परगावी एका छोट्या वाहिनीत नोकरीला लागली, आणि ती वाहिनी दिसायची फक्त इंटरनेटवर. घरचा टीव्ही जुना. त्याला इंटरनेट दाखवायचं तर वेगळं यंत्र जोडावं लागणार होतं. "ते मी बघतो," असं ग्रंथपाल बोलून गेले आणि तिथेच घोटाळा झाला. (बायकोने ते दुपारी भाजी आणता आणता आणलं असतं.)

ग्रंथपालांनी पंधरवडाभर अभ्यास केला. कांडीसारखं यंत्र बरं की डब्यासारखं, हे त्यांनी वाचनालयात इतक्या जणांना विचारलं, की ते दिसले की लोक तोंडासमोर पेपर धरू लागले.

"एवढी चौकशी तुम्ही लग्नाआधी माझीसुद्धा केली नव्हती," बायको म्हणाली.

"म्हणूनच," ग्रंथपाल म्हणाले. (मनात.)

तेवढ्यात लेकीचा फोन आला. शुक्रवारी संध्याकाळी सातच्या बातम्यांत ती पहिल्यांदाच हवामान सांगणार होती. ग्रंथपालांनी अभ्यास गुंडाळला आणि दुकान गाठलं.

"हा रिमोटवाला," दुकानदार म्हणाला. "आणि ह्याला रिमोटच लागत नाही. आपण नुसतं बोलायचं, तो ऐकतो."

"कुणाचंही?"

"कुणाचंही, साहेब."

"म्हणजे घरातल्या कुणाचंही?"

दुकानदार क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला (तोही संसारी असावा). "घरातल्या कुणाचंही," तो मायेने म्हणाला. ग्रंथपालांनी तिथल्या तिथे पैसे मोजले.

घरी डबा जोडला, तर तो ग्रंथपालांचं सोडून सगळ्यांचं ऐकायचा. दोष त्याचा नव्हता. वाचनालयात जन्म गेल्यामुळे ग्रंथपाल घरीही कुजबुजत बोलत. "टीव्ही चालू कर," ते चारचारदा विनवत, आणि डबा ढिम्म. शेवटी बायको स्वयंपाकघरातून एकदा ओरडे आणि टीव्ही मुकाट्याने चालू होई.

"अहो, त्याच्या कानात गुपित काय सांगताय? जरा छातीतून आवाज काढा!"

छातीत तेवढा आवाज असल्याचं ग्रंथपालांना ठाऊकच नव्हतं.

शुक्रवारी शेजारचे निवृत्त कंडक्टर आणि धाकटी मेहुणी असे पाहुणे मुद्दाम आले. लेकीचं कौतुक बघायला आलेली ही माणसं बातम्या सुरू होताच बोलायला लागली. कंडक्टरांनी भरल्या बसमधला एक किस्सा भरल्या बसमधल्याच आवाजात काढला. मेहुणी त्यावर हसता हसता फोनवर कुणाला तरी तोच सांगू लागली. बायको आतून "चहात साखर कुणाला नको?" असं विचारत राहिली.

"जरा शांत..." ग्रंथपाल म्हणाले. कुणाला ऐकूच गेलं नाही.

पडद्यावरचा माणूस म्हणाला, "आता पाहू या हवामान."

लेकीचं पहिलं वाक्य या गोंगाटात बुडणार! ते ताडकन उठले, आणि आयुष्यात कधी निघाला नव्हता असा आवाज त्यांच्या गळ्यातून निघाला.

"बंद करा! सगळं बंद करा!"

कंडक्टर थबकले. मेहुणी थबकली. टीव्हीही बंद झाला.

पहिल्या हाकेला त्यांचं कुणी ऐकावं, असं त्या घरात प्रथमच घडलं होतं.

मग सगळे एकदम डब्यावर तुटून पडले. "चालू हो!" "अरे, लाव!" "मागे जा!" डबा शांतपणे म्हणाला, "कृपया एका वेळी एकानेच बोलावे." चित्र आलं तेव्हा एक माणूस हसतमुखाने गाद्या विकत होता.

बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. "पोरीला काय सांगायचं आता?"

एवढ्यात फोन वाजला. लेकीचाच. ग्रंथपालांनी तो उचलून स्पीकरवर टाकला.

"बाबा..."

"वा! वा!" ग्रंथपाल गरजले. (गळा नुकताच मोकळा झाला होता.) "काय बोललीस! एकदासुद्धा अडखळली नाहीस! डोळ्यांत पाणी आलं गं आमच्या!"

पलीकडून लेक गोंधळून म्हणाली,

"बाबा, माझं आज झालंच नाही. ऐनवेळी साहेब म्हणाले, आज जुन्याच बाई सांगतील, तू उद्या सांग. तेच कळवायला फोन केला."

कंडक्टर छताकडे बघू लागले. बायकोने ट्रे खाली ठेवला, ग्रंथपालांच्या हातून फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि त्यांच्याकडे पाठ करून म्हणाली,

"हं, उद्या किती वाजता? हळू बोल, बाबा इथेच उभे आहेत."