हाडं दुखलीच पाहिजेत

ब्लड कॅन्सर झाला होता आसावरीला, आणि अमेरिकेत, बॉथेलच्या तिच्या घरात सोफ्यावर पडून कण्हत होता तिचा धाकटा भाऊ राजस. ताईला स्टेम सेल्स द्यायला तो रोज इंजेक्शन घेत होता. त्या औषधानं बोन मॅरोत पेशींची झुंबड उडते, त्या रक्तात उतरतात आणि मशीन त्या गोळा करतं. ही झुंबड उडाली की हाडं ठणकणारच, असं नर्सनं सांगितलं होतं.

"अरे, पेनकिलर दिलीय ना त्यांनी? घे ना!" आसावरी वैतागली.

"नको. दुखायचं थांबलं आणि सेल्सही यायच्या थांबल्या तर?"

"इंजिनिअर ना रे तू?"

"तुझ्या जिवाचा प्रश्न आहे, ताई. मी चान्स घेणार नाही. आई गं!"

तेवढ्यात बेल वाजली. लोकांची कीव नको म्हणून आसावरीनं आजार लपवला होता. तरी 'आसावरीकडे मोठं आजारपण आहे' एवढं तिथल्या मराठी मंडळात पोचलंच, आणि शोभाकाकू न् त्र्यंबककाका मुगाची खिचडी घेऊन हजर! मास्क लावून चहा टाकणारी आसावरी काकूंनी पाहिली, कण्हणारा राजस पाहिला आणि सरळ सोफा गाठला.

"अगं बाई, काय दशा झाली पोराची!" त्यांनी पर्समधली पुडी काढून त्याच्या कपाळाला अंगारा लावला.

"घाबरायचं नाही," काका म्हणाले. "आमच्या ऑफिसातल्या अमितला अस्संच झालं होतं. शेवटपर्यंत हसतमुख—"

"अहो!"

"म्हणजे... हसतमुख होता, एवढंच."

"काका, आजारी मी नाहीये—"

"सुरुवातीला पटतच नाही रे बाळा," काकूंनी त्याला थोपटलं आणि त्या आसावरीकडे वळल्या. "तू मात्र छान ठणठणीत दिसतेस हो! आणि केस किती दाट झालेत! काय लावतेस?"

केमोत सगळे केस गेल्यामुळे आसावरीनं विग घातला होता.

"काही नाही, काकू. झोपताना काढून ठेवते."

काकू हसल्या. "चावट कुठली!" आणि आसावरीला जे हसू फुटलं, ते ओटा धरला तरी आवरेना. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

खरं सांगायला राजसनं तोंड उघडलंच होतं. पण ताई अजून हसतच होती. त्यानं ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढलं आणि हाडं दुखत होती त्याहून कितीतरी मोठ्यानं कण्हायला सुरुवात केली.