वेंकोबाअण्णांच्या ससी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या वेंकोबाअण्णांच्या घरी शिसवी पलंगावर टोमॅटो झोपत आणि अण्णा जमिनीवर चटई टाकून झोपत. तुम्हाला मी तिखटमीठ लावतोय असं वाटेल. एरवी लावतो, पण इथं गरज नाही.

पलंग ऐसपैस होता. मच्छरदाणीसाठी चार कोपऱ्यांत चार दांड्या होत्या. त्यांवर अण्णांनी आडवा बांबू बांधला, बांबूवरून दोन दोऱ्या सोडल्या आणि दोऱ्यांना लांबलचक ट्यूबलाइट टांगली. खाली बिस्किटांचे रिकामे डबे, बुडाला खिळ्यानं भोकं पाडलेले, आणि त्यांत बोटभर उंचीची टोमॅटोची रोपं. मागच्या भिंतीवर एक पांढरंशुभ्र धोतर ताणून लावलेलं, म्हणजे उजेड वाया न जाता परत रोपांवर पडावा. सणावाराला अण्णा ते धोतर भिंतीवरून काढून नेसत. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा भिंतीवर.

ही साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. मी बेळगावहून बदलीवर बंगळूरला आलो होतो आणि बसवनगुडीत वेंकोबाअण्णांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. अण्णांचं घराणं मराठी, पण इतक्या पिढ्या इथं मुरलेलं की त्यांच्या मराठीत अर्धी कानडी कधी शिरली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. थोडं म्हणायचं तर ‘स्वल्प’, ठीक म्हणायचं तर ‘सरी’, आणि रोपाला ‘ससी’. माझ्या बायकोला, सुधाला, ते अक्का म्हणत. मला बेळगावकर. माझं आडनाव वेगळं आहे हे मी दोनदा सांगून पाहिलं आणि सोडून दिलं.

अण्णा एका कारखान्यात विजेच्या कामावर फोरमन होते. घरासमोर फणसाचं मोठं झाड, त्यामुळे ऊन घरात यायचं ते दुपारी, तेही पाहुण्यासारखं. त्यात पौष-माघातलं धुकं. अण्णांना तर उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आधी अंगणाच्या मागच्या वाफ्यात धट्टीकट्टी रोपं लावायची असत. मग विजेच्या माणसानं काय करावं? त्यानं सूर्य घरात टांगला.

पण सूर्य टांगून माणूस स्वस्थ बसतो, तसे अण्णा बसत नसत. रोप नखभर वाढलं की दिवा नखभर वर. रोपाचा शेंडा आणि दिवा यांच्यात दोन बोटं अंतर राहिलं पाहिजे, आणि ती बोटं अण्णांचीच पाहिजेत, एकदा मी माझी बोटं पुढं केली तर म्हणाले, “तुमची कारकुनी बोटं. बारीक.” कामावर निघालेले अण्णा बसच्या थांब्यावरून परत येताना मी कितीदा पाहिले आहेत.

“काय विसरलात, अण्णा?”

“स्वल्प वर करायचा राहिला,” असं म्हणत ते आत, दोरीची गाठ सोडायची, बांधायची, मागं सरून बघायचं, परत सोडायची. तोवर बस गेलेली असे.

साध्या बल्बचा त्यांना भारी राग. “बल्ब भाजतो, बेळगावकर. ट्यूब वाढवते,” असं ते सगळ्यांना सांगत, दूधवाल्यालासुद्धा. त्या निळसर पांढऱ्या उजेडानं खिडकी उजळून जाई आणि रस्त्यावरची माणसं थबकत. एकदा एक अख्खं कुटुंब नटूनथटून दाराशी उभं राहिलं. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की इथं नवा फोटो स्टुडिओ निघालाय. अण्णांनी त्यांना आत नेलं, पलंगाभोवती उभं केलं आणि टोमॅटो दाखवले. ती माणसं बिचारी शेवटपर्यंत कॅमेरा शोधत होती.

आणखी एक सांगायचं राहिलं. सकाळी सकाळी खालून अण्णांचा आवाज येई. नेहमीचा खडा आवाज नव्हे, अगदी मऊ. “ये गं. दमलीस का? बैस हो स्वल्प.” सुधा पहिल्यांदा दचकलीच होती. अण्णांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ते आणि त्यांचा एकुलता मुलगा माधव. मग ही दमलेली कोण? मी जिन्यावरून वाकून पाहून आलो. अण्णा रोपांशी बोलत होते.

“चला, म्हणजे माणूस वेडाच आहे,” सुधा म्हणाली. “माझ्या मनात भलतंच आलं होतं.”

तर त्या वर्षी माधवच्या लग्नाचं बघायला लागले. स्थळ सुधानंच सुचवलेलं, तिच्या लांबच्या नात्यातली धारवाडची वत्सला. वडील नव्हते, मामा-मामींनी वाढवलेली. बंगळूरातच, मल्लेश्वरमला, तिच्या नातलगांकडे मुलगी दाखवायचा कार्यक्रम झाला. माधव परत आला तो शीळ वाजवत आणि तिकडून निरोप आला तो लाजत. राहिलं काय, तर मामा-मामींनी येऊन घर पाहायचं. तेवढं झालं की सुपारी फुटणार.

अण्णांनी त्या दिवशी धोतर भिंतीवरून काढून नेसलं, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळखा. सुधा आणि मीही खाली येऊन बसलो होतो. पण अण्णांना बसवेना. मामांना नमस्कार केला आणि आत गेले. पाणी दिलं आणि आत गेले. हवापाण्याच्या दोन गोष्टी केल्या आणि पुन्हा आत. भिंत उघडी पडली म्हणून रोपांना उजेड कमी पडत असणार, ही चिंता. मामा पुन्हा पुन्हा आतल्या त्या पांढऱ्या उजेडाकडे बघत होते. शेवटी घसा खाकरून, नजर तिकडेच ठेवून, त्यांनी धारवाडी पद्धतीनं विचारलं,

“मग वेंकोबराव, सोसेचं कसं काय?”

आता सोसे म्हणजे कानडीत सून; सुनेला या घरात कसं ठेवणार, असं मामांचं विचारणं. हे मला ठाऊक, सुधाला ठाऊक, अण्णांना तर जन्मापासून ठाऊक. पण मामांची नजर दिव्याकडे आणि अण्णांचा जीव दिव्याखाली. अण्णांनी ऐकलं, ससीचं कसं काय. मीही तेच ऐकलं. मला वाटलं, मामांना बागेची आवड दिसते.

अण्णांचा चेहरा असा खुलला म्हणता.

“पहिल्या दिवसापासून उजेडाखाली ठेवायची,” ते म्हणाले. “दिवा अगदी डोक्याशी. लांब ठेवला की नुसती उंच होते, मान टाकते.”

मामा म्हणाले, “हां?”

“पाणी मोजकं. लाड केले की बुडापासून कुजते. माझ्या तशा गेल्या काही.”

“गेल्या?” मामी म्हणाल्या.

“गेल्या. आणि पंख्याचा वारा लावायचा, रोज सकाळी हातानं स्वल्प झोडपायची. हलकं हलकं. म्हणजे कंबर घट्ट होते.”

मामींनी चहाची बशी खाली ठेवली.

“एका जागी दोन आल्या,” अण्णा आता रंगात आले होते, “तर लेचीपेची असेल ती कात्रीनं सरळ कापायची. उपटायची नाही. उपटली तर दुसरीला धक्का बसतो.”

मामा उठले. मामी त्यांच्या आधी उठल्या होत्या. कुणाला तरी भेटायचंय, उशीर झाला, असं काहीबाही बोलत दोघं पायऱ्या उतरले. अण्णा दारात उभे राहून मला म्हणाले, “माणूस जाणता आहे. सगळं लक्ष देऊन ऐकलं.”

दुसऱ्या दिवशी मल्लेश्वरमहून सुधाकडे चिठ्ठी आली. सुनेला दिव्याखाली ठेवून झोडपणाऱ्या घरात आमची मुलगी द्यायची नाही. आणि आधीच्या सुना कशा गेल्या, याची चौकशी तुम्ही तरी करायला हवी होती.

सुधानं ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. “ते सोसे म्हणाले होते,” ती म्हणाली, “सोसे,” आणि पदर तोंडाशी धरून जिन्यावरच बसली. मी हसत हसत खाली गेलो आणि अण्णांना सगळं साभिनय करून दाखवलं, झोडपण्यासकट. माधवलासुद्धा, पडलेल्या चेहऱ्यानं का होईना, हसू फुटलं. अण्णा हसले नाहीत. दोरीची गाठ अर्धी सोडलेली होती, ती तशीच हातात धरून उभे राहिले.

“मोडलं का मग?”

“मोडतंय कशाला? जाऊन सांगू. चला.”

“तुम्ही सांगा. मला नाही जमणार.”

“अहो, एवढं दूधवाल्याला सांगता.”

“ते ससीचं,” अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, डब्यांकडे बघत म्हणाले, “बेळगावकर, या घरात बाईमाणसाशी बोलायची सवयच गेलीय. सून आली तर तिच्याशी काय बोलायचं? मी हा असा, कारखान्यात ओरडून ओरडून आवाज फाटलेला. घाबरून जाईल ती. म्हणून सकाळी यांच्याशी बोलून बघतो. आवाज उतरतो का ते.”

जिन्यावरचं हसू थांबलं होतं. सुधा खाली आली आणि म्हणाली, “अण्णा, टोपी घाला. मी पण येते.”

मल्लेश्वरमला मामा ताठ बसून होते. मी माझी सगळी कला पणाला लावली. ससी काय, सोसे काय, कात्री कुणाला लागते, पंखा कुणाला. मामा आधी नुसते बघत राहिले, मग त्यांचं पोट हलायला लागलं. मामींनी भिंतीकडे तोंड केलं, पण खांदे लपेनात. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात मामांनी डोळे पुसले आणि गंभीर झाले.

“ते झालं ससीचं. पण वेंकोबराव, मी विचारलेलं राहिलंच. सोसेचं कसं काय?”

अण्णांनी टोपी काढली. टोपी पाहिली. परत घातली. उठले, दाराशी गेले, परत आले आणि बसले. मामा थांबले होते. मी तोंड उघडणार, तर सुधानं माझ्या पायावर पाय दिला.

वत्सला कॉफी घेऊन आली. आत सगळं ऐकू गेलं असणारच, पण चेहऱ्यावर काही नाही. सगळ्यांना पेले दिले आणि अण्णांपाशी येऊन थांबली.

“अण्णा, साखर किती घालू?”

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, जसं काही मला माहीत असावं. कुठल्या रोपाला किती पाणी ते झोपेत सांगणारा माणूस, पण हे त्यांना सांगता येईना.

“साखर,” ते म्हणाले. “माहीत नाही. पडेल तेवढी घेतो.”

वत्सलेनं क्षणभर विचार केला, दोन चमचे घातले, ढवळलं आणि पेला त्यांच्या हातात दिला. ती आत गेली नाही, तिथंच उभी राहिली. अण्णांनी एक घोट घेतला.

“गोड झाली का फार?”

“झाली,” अण्णा म्हणाले. आवाज इतका मऊ की मामांना पुढं वाकावं लागलं. “असू दे. आता रोज अशीच.”