दोनशे सत्तरवरचं तुलूझ

नवीन माणूस भेटला की देवपुजारीकाका त्याचं गाव ऐकून घेतात आणि बदल्यात त्याला फ्रान्समधला एक जिल्हा देऊन टाकतात.

मी नोकरीसाठी ओहायोतल्या डब्लिनला आलो, त्याच आठवड्यात मराठी मंडळाचं पॉटलक होतं. हातात कागदी ताटली, ताटलीत चार घरचे चार पुलाव. सगळे बसून जेवत होते आणि एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ ताटली घेऊन हॉलभर येरझारा घालत होते. माझ्यासमोर थांबले.

"कुठला तू?"

"नांदेडकडचा. कंधार."

"खडक, शेळ्या, माणसं विरळ. तू आव्हेरों." आणि पुढे चालू लागले.

मला वाटलं, शिवी दिली. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. इतकं शिकून, इतकी विमानं बदलून मी शेळ्यांचा उद्धार ऐकायला आलो नव्हतो. मी ताटली घेऊन त्यांच्या मागे गेलो. "काका, काय म्हणालात मला?"

"अरे, चीज फार उत्तम असतं तिथलं," ते न थांबता म्हणाले. "आणि माणसं सरळ बोलतात म्हणे. म्हणून दिलं तुला."

आव्हेरों हा मिदी-पिरेने नावाच्या प्रदेशातला एक जिल्हा. खाली स्पेनला लागून पिरेनीज पर्वत, वर पठारं, मधून गारोन नदी, असे एकूण आठ जिल्हे आणि राजधानी तुलूझ. ही माहिती मी मिळवली नाही. काका माझ्याच ऑफिसात निघाले, त्यामुळे ती मला दोन वर्षं, रोज, तिथल्या कॉफी मशीनपाशी मिळत गेली. "फ्रान्सच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यात मोठा प्रदेश बाप्पा. डेन्मार्कपेक्षा मोठा. आणि आपल्या विदर्भाच्या निम्माही नाही." काका नागपूरचे, त्यामुळे दुसरं वाक्य ते जरा जास्त प्रेमाने म्हणत.

त्यांचं पालुपद एकच होतं: "जागा केवढी, माणसं किती." तिथल्या माणसांपैकी तिसरा हिस्सा तुलूझच्या आसपास गोळा झालेला, बाकी सगळं मोकळं. जेर जिल्ह्यात तर माणसांपेक्षा बदकंच जास्त, असं ते शपथेवर सांगत. हेच माप ते सगळीकडे लावत. मॉलचं पार्किंग पाहिलं की, "जागा केवढी, माणसं किती." मीटिंगला तिघंच आले की तेच. एकदा माझ्या घरी पोह्यांत शेंगदाणे शोधतानाही तेच म्हणाले.

मंडळातल्या सगळ्यांना जिल्हे मिळाले होते. शैलाकाकू म्हणजे ओत-गारोन, तुलूझचा जिल्हा, कारण सगळी वस्ती त्यांच्याभोवती. पुण्याच्या गोखल्यांना जेर मिळाला. ते अजून बोलत नाहीत काकांशी.

काका कधी बसलेले मी पाहिले नाहीत. बसलेच तर पाय हलत राहायचा. सकाळच्या मीटिंगमध्ये टेबल थरथरायला लागलं की मॅनेजर फक्त म्हणायचा, "देव, प्लीज."

या अस्वस्थपणाचं नाव मुग्धा. त्यांची मुलगी. हे डब्लिनमध्ये सगळ्यांना माहीत होतं, पण काका जिल्हे सांगायचे, मुग्धाचं सांगायचे नाहीत. ते काकूंनी मला सांगितलं. ती लहानपणापासून इथे वाढलेली, पण आईबापांच्या व्हिसावर. एकवीस पूर्ण झाली आणि त्या व्हिसावरून तिचं नाव गेलं. काकांचं ग्रीन कार्ड रांगेतच होतं. पुढचं शिकायला तुलूझच्या कॉलेजने बोलावलं, विमानांचं इंजिनीअरिंग, आणि पोरगी गेली. मग आईबापांना भेटायला येते म्हणाली, तर व्हिसा नाकारला. कारण काय, तर आईबाप इथे कायमचे राहू पाहतात, म्हणजे हीसुद्धा राहील. आणि काका गेले असते, तर परत येता येईल याची खात्री वकील देत नव्हता. धाकटा रोहन इथल्या हायस्कूलमध्ये.

मी एकदा विचारलं, "काका, तुमचा जिल्हा कुठला?"

"ओत-पिरेने," ते म्हणाले. "डोंगरात अडकलेला. पलीकडे जायला खिंड आहे, पण बर्फ वितळला पाहिजे नं."

शनिवारी सकाळी मात्र ते गाडी काढायचे. शेजारच्या कोलंबस शहराला दोनशे सत्तर नंबरच्या हायवेचा गोल वळसा आहे. काकांनी हिशोब केला होता की हा एक वळसा म्हणजे बरोबर तुलूझ ते फ्वा एवढं अंतर. फ्वा हे डोंगराच्या पायथ्याचं गाव, मुग्धाचं आवडतं. लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत घेतलेला फ्रान्सचा ॲटलास शेजारच्या सीटवर, आणि काका तेहतीसच्या एक्झिटपासून निघून परत तेहतीसच्या एक्झिटला. मीही गेलो पुष्कळदा. गहॅनाचं उपनगर आलं की फ्वाच्या वाटेवरचं पहिलं गाव सांगायचे, "हे ओतरीव्ह." ग्रोव्ह सिटीकडे कचरा पुरून झालेली एक हिरवी टेकडी आहे. तिथे आवाज खाली यायचा. "पामिए. इथून पिरेनीज दिसायला लागतात." हिलियर्डजवळची पाण्याची टाकी म्हणजे फ्वाचा किल्ला.

"किल्ल्याला तीन बुरूज आहेत म्हणालात. टाकी एकच आहे."

"दोन मनाने धर," काका म्हणाले.

गेल्या वर्षी बाहेर जाऊन यायच्या परवानगीचे कागद आले, दोघांचेही. आम्ही पेढे खाल्ले. वकील म्हणाला, जा, पण तुम्ही बाहेर असताना ग्रीन कार्डचा अर्ज नाकारला गेला तर परतीचं मी सांगू शकत नाही. काका आठवडाभर कॉफी मशीनपाशीसुद्धा आले नाहीत. नंतर मला पार्किंगमध्ये म्हणाले, "शैला चालली आहे. अर्ज माझ्या नावावर आहे नं. मी आत राहतो."

"काका, मुग्धाला बघून तीन वर्षं झाली."

"रोहनचं शेवटचं वर्ष आहे बालाजी." आणि गाडीभोवती एक चक्कर मारून आत बसले.

मे महिन्यातला शनिवार. सकाळी दार उघडलं तर काका बूट घालून उभे, काखेत ॲटलास. "गाडी काढ. मायलेकी फ्वाला निघून राहिल्या." फोनवर बोलत गाडी चालवायची नाही, असं काकू बजावून गेल्या होत्या, म्हणून मी.

तेहतीसवरून वळशाला लागलो. स्पीकरवर काकूंचा आवाज आला. "अहो, निघालो आम्ही."

"शैला, ओतरीव्ह आलं की सांग."

गहॅना आलं. काकांचं बोट ॲटलासवर. "आलं का?"

"गाव नाही की काही नाही. नुसता मोठा रस्ता आणि हिरवी शेतं."

"शेतं कशी? ओतरीव्ह कुठे गेलं?"

मग मुग्धा बोलली. "बाबा, आम्ही ऑटोरूटवर आहोत, हायवेवर. तो ओल्ड रोड कुणी घेत नाही आता. हा होऊन खूप वर्षं झाली, बाबा."

ॲटलासमध्ये तो रस्ताच नव्हता. पुस्तक त्याच्या आधी छापलेलं. काकांनी ते मिटलं आणि मांडीवर ठेवलं. मी बाजूला बघितलं. त्यांचा पाय हलत नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि मला ते बघवेना. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "जागा केवढी काका," आणि पुढचं माझ्याच्याने म्हणवेना.

फोन चालूच होता. पलीकडे गाडीचा आवाज. मग टिकटिक, टिकटिक, इंडिकेटरची.

"बाबा," मुग्धा म्हणाली, "सावेरदंची एक्झिट घेतली. जुन्या रस्त्याला लागतेय. आता तुम्ही सांगा."

काकांनी ॲटलास उघडला. पान सापडेना, हात इकडेतिकडे गेला, मग सापडलं. "हळू चालव. आता पामिए येईल. गावाबाहेर पडलं की आईला समोर बघायला सांग."

ग्रोव्ह सिटीची टेकडी दिसायला लागली. मी गाडी उजव्या लेनला घेऊन हळू केली.

"दिसले," काकू म्हणाल्या. "अहो, केवढे मोठे आहेत हो. बर्फ आहे अजून वर."

"असणारच," काका म्हणाले.

पुढे ते एकेक वळण सांगत गेले आणि मुग्धा "हो बाबा, हो बाबा" म्हणत गेली. काही वळणं तिथे नसावीत असा मला संशय आहे. हिलियर्ड जवळ आलं तेव्हा काकू बुरूज मोजत होत्या. "तीन. त्यातला एक गोल आहे."

"माहीत आहे," काका म्हणाले, पण इतकं हळू की तिकडे ऐकू गेलं नसेल.

"बाबा, तुम्ही कुठे आहात?"

काकांनी पाण्याच्या टाकीकडे पाहिलं. "पोचलो. इथेच आहे."

फोन बंद झाला. तेहतीसची एक्झिट आली. मी इंडिकेटर दिला.

"कुठे चालला?"

"घर आलं, काका."

"अरे, त्या परत यायच्या आहेत नं," काका ॲटलासची पानं उलटी चाळत म्हणाले. "आता जुन्या रस्त्यानेच येतील."

मी इंडिकेटर बंद केला.