खिल्लारे गुरुजींचा पेटकर

आमच्या धाब्यावर कुणी विडी पेटवली की खिल्लारे गुरुजी जेवणावरून उठायचे. हात उष्टाच. त्या माणसासमोर जाऊन उभे राहायचे आणि सोयरीक विचारावी तशा आदबीनं विचारायचे, "पेटीत काड्या किती राहिल्या?"

गुरुजींनी जन्मात विडी ओढली नव्हती. त्यांना हवी असायची रिकामी काड्यापेटी. पेटी रिकामी नसली तर ते ती रिकामी करायचे. डाव्या हातानं काड्या ड्रायव्हरच्या खिशात ओतायच्या आणि पेटी आपल्या पिशवीत टाकायची. "काड्या तुमच्या, पेटी माझी. बराबर हाये का न्हाई?"

एकदा नांदेडला निघालेला सरदारजी चिडला. "मास्टरजी, अब घिसूँ किसपे? आपके सिरपे?"

त्यावर गुरुजींची तयारी असायचीच. पेटीला घासायच्या बाजू दोन. त्यातली एक नखानं अलगद सोलून त्यांनी सरदारजीच्या हातावर ठेवली. "एक तुमको, एक हमको." सरदारजी त्या पट्टीकडं बघत राहिला, मग मला म्हणाला, "ये स्कूलमें पढ़ाते हैं? बच्चोंको?"

हो. कनेरगाव नाक्याच्या प्राथमिक शाळेत, तिसरी आणि चौथी एकत्र.

मी धाब्यावर भट्टी सांभाळायचो. मूळचा मी कोकणातला, खाडीकाठचा. चौथीत शाळा सुटली, पुढं अक्षरंही विसरलो. मोठा झाल्यावर सुक्या मासळीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो. हिंगोली–वाशीम रस्त्यावर ट्रक बंद पडला. तो दुरुस्त होऊन पुढं गेला, मी राहिलो. इथं समुद्र नाही, मासळी नाही, आणि बोलणं निम्मं कळायचं नाही. भाकरी करपली तर, मालक ओरडला तर, कुणी पावती वाचायला दिली तर, अशी सगळ्याचीच धास्ती. सगळे मला कोकण्या म्हणत.

एकदा मी एकाची थाळी दुसऱ्यापुढं ठेवली. मालकानं उद्धार सुरू केला, तशी माझ्या हातातला तांब्याही पडला. गुरुजी कोपऱ्यातून म्हणाले, "मालक, चुकलं तर मारायचं न्हाई. दाणा काढायचा." मालकाला अर्थ कळला नाही, मलाही नाही, पण शिव्या थांबल्या. गुरुजी मला म्हणाले, "जेवढं चुकलं तेवढं बाजूला काढ, कोकण्या. बाकीचा तू चांगलाच हायेस."

हा दाण्याचा काय प्रकार, ते मला पेटकरमुळं कळलं.

गुरुजी औरंगाबादला ट्रेनिंगला गेले असताना तिथल्या एका प्राध्यापकानं त्यांना सांगितलं होतं, की विलायतेत एकानं काड्यापेट्यांचं यंत्र केलंय. ते फुलीगोळा खेळतं आणि खेळता खेळता आपोआप हुशार होतं. झालं. गुरुजी परत आले ते पेट्या मागतच. म्हणायचे, "उद्या येणार हायेत विचार करनारे यंत्रं. आमच्या लेकरांनी पहिल्यांदा पाह्यलं तं भेऊ नाही. म्हणावं, हे तं आमच्या वर्गातलंच हाये."

वर्गाच्या मागच्या भिंतीला फळ्या ठोकून त्यांनी त्यावर पेट्या रांगेनं मांडल्या. शेकड्यांनी. प्रत्येक पेटीवर फुलीगोळ्याचा एकेक मांडलेला डाव काढलेला. डावाची घरं नऊ, आणि प्रत्येक घराला एक धान्य ठरवलेलं. मधलं घर हरभऱ्याचं, कोपरे शेंगदाणा, मका, तूर वगैरेंचे. समोर जसा डाव पडेल तशी पेटी शोधायची, खुळखुळवायची आणि डोळे मिटून एक दाणा काढायचा. निघाला हरभरा तर यंत्राचा गोळा मधल्या घरात. यंत्र जिंकलं तर त्या पेटीत तसलेच दाणे वाढवायचे. हरलं तर ज्या दाण्यानं फसवलं तो काढून टाकायचा. हळूहळू पेटीत चांगलेच दाणे उरतात आणि यंत्र शहाणं होतं. छडी नाही, कान पिळणं नाही.

पेट्यांचा म्हणून पोरांनी त्याचं नाव ठेवलं पेटकर. गुरुजी हजेरी घेताना शेवटी "पेटकर?" असं पुकारायचे आणि सगळा वर्ग ओरडायचा, "हाजीर!"

मी चहा घेऊन शाळेत जायचो, तेव्हा दारात जरा रेंगाळायचो. सोडलेली चौथी अशी समोर दिसली की पाय निघत नसे.

"गुर्जी, याचं डोस्कं कुठंसाक हाये?" तांड्यावरच्या झमकीनं एकदा विचारलं. ती पेटीला कान लावून बसली होती.

"तुलाच काय वाटते?"

"डोस्कं न्हाईच. निस्ते दाणे हायेत."

"मंग खेळते कोन?"

झमकीनं पेटी पुन्हा खुळखुळवून पाहिली. म्हणाली, "दाणे काहाडनाराच खेळत असंन."

गुरुजी इतके खूश झाले, की त्या संध्याकाळी हे उत्तर धाब्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला ऐकावं लागलं. काहींना हिंदीतून.

दसऱ्याला पोरांनी पेटकरला झेंडू वाहिले आणि हात जोडले. गुरुजी खवळले. "यंत्र हाये ते! नमस्कार नका करू, प्रश्न इचारा त्याला!" फुलं मात्र वाळेपर्यंत काढली नाहीत.

आणि पेटकर हरायचा. रोज. पहिलीतलं पोरगं यायचं, नाक पुसायचं आणि त्याला हरवून जायचं. लोक गुरुजींना विचारत, "काय गुरुजी, पोरगं काय म्हंते?" गुरुजींचं एकच उत्तर असे, "येळ लागतो." हे उत्तर ते सगळ्यालाच देत. चाळिशी उलटली तरी लग्न केलं नव्हतं, त्याबद्दल विचारलं तरी तेच, "येळ लागतो."

आता हेडमास्तर. निरगुडीच्या ताज्या फोकेवर, म्हणजे छडीवर, त्यांचा विश्वास, पेट्यांवर नाही. पण माणूस शब्दाचा. परभणीला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन भरायचं होतं आणि गुरुजींच्या मनात पेटकरला तिथं न्यायचं होतं, वर्गासकट. वर्गातलं एकही लेकरू आगगाडीत बसलं नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, "खिल्लारे, प्रदर्शनाआधी तुमच्या यंत्राशी मी खेळतो. जिंकू नका, नुसती बरोबरी करा, मी सही करतो. हरलं, तर सगळ्या पेट्या धाब्याच्या भट्टीत."

गुरुजींनी त्याच आठवड्यात परभणीसाठी नवा शर्ट शिवायला टाकला. पांढरा, दोन खिशांचा. मला मात्र नवीच धास्ती, कारण भट्टी माझी.

नेमकं ते साल दुष्काळाचं. विहिरी आटल्या, आया-बाप खडी फोडायला कामावर. घरात रेशनची लाल मिलो ज्वारी, तीही असली तर. शाळेत खायला सरकारी सुकडी यायची तेव्हा यायची. वर्ग पेंगायला लागला. एके दिवशी पेटकर हरला, झमकीनं फसवा हरभरा काढला आणि डब्यात टाकायच्या ऐवजी तोंडात टाकला. कच्चाच. कडकन् आवाज झाला. सगळा वर्ग गुरुजींकडं बघायला लागला.

गुरुजी फळ्याकडं वळले आणि बराच वेळ फळा पुसत राहिले. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मग म्हणाले, "आजपासून नवा कायदा. जो पेटकरला हरवंन, त्यानं काढलेला दाणा खाऊन टाकायचा. म्हंजी पेटकरला चांगली अद्दल घडंन."

त्या संध्याकाळी धाब्यावर आले ते हरभरे घेऊनच. "कोकण्या, भाजून दे."

"यंत्राला भाजलेले कशाला, गुरुजी?"

"कच्च्याला किडे लागतात."

मी भाजून दिले. दुसऱ्या दिवशी शेंगदाणे. मग मका, लाह्या फुटेपर्यंत. मग त्यांनी विचारलं, गुळाचा बारीक खडा पेटीत मावेल का. एक दाणा काढायचा कायदा 'एक चिमूट' झाला, आणि चिमटीची मूठ कधी झाली ते कुणाला कळलंच नाही. गुरुजी रोज संध्याकाळी पिशवी भरून नेत आणि सगळ्या पेट्या पुन्हा काठोकाठ भरत.

मी चौथी नापास माणूस, पण एवढं मलाही कळत होतं. "गुरुजी, आज चुकलेले दाणे काढले आणि संध्याकाळी तेच परत भरले, तर पेटकर शिकणार कसा? रोज सकाळी तो पहिल्यासारखाच ढ."

"तू भाज."

"आणि परभणी?"

"येळ लागतो," म्हणाले, पण या वेळी माझ्याकडं न बघता.

त्याच सुमारास त्यांचं जेवण कमी झालं. दोन भाकरीचे गुरुजी एकीवर आले, मग अर्धीवर, मग नुसत्या चहावर. "पोटाची तकलीफ हाये." ड्रायव्हर लोकांना त्यांची काळजी. कुणी ओवा सांगे, कुणी एरंडेल. सरदारजीनं तर अमृतसरचं चूर्ण आणून दिलं आणि समोर उभं राहून घ्यायला लावलं. मला तकलीफ कुठली ते ठाऊक होतं. गुरुजींनी मालकाशी ठरवलं होतं, की जेवणाच्या बदल्यात हरभरे द्यायचे आणि याची वाच्यता करायची नाही. मी रोज गुरुजींसाठी फुटाण्यांच्या पिशवीत एक भाकरी गुंडाळून ठेवायचो. सकाळी ती झमकीच्या धाकट्या भावाच्या हातात दिसायची. मग मी दोन ठेवायला लागलो.

सामन्याचा दिवस आला. शनिवार, सकाळची शाळा. वर्गात हेडमास्तर, समोर सगळी पोरं, भिंतीशी चहाची किटली घेऊन मी. गुरुजी नेहमीच्याच शर्टात, नवा शर्ट परभणीसाठी राखून ठेवलेला. चेहरा बाळंतपणाच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या माणसासारखा.

हेडमास्तरांनी कोपऱ्यात फुली मारली. झमकीनं पेटी खुळखुळवली आणि मका काढला. पेटकरचा गोळा भलत्याच कोपऱ्यात. दुसरी फुली. पेटकरनं पुन्हा भलतंच घर धरलं, जे आंधळ्यानंही धरलं नसतं. तिसरी फुली, आणि एक ओळ झाली. डाव संपायला तपकिरीची चिमूट ओढण्याइतकाही वेळ लागला नाही.

"खिल्लारे," हेडमास्तर म्हणाले, "हे तर शुद्ध ढ आहे!"

गुरुजींनी मान खाली घातली. आणि पोरं आनंदानं ओरडायला लागली. मला वाटलं, कार्टी हसतात काय! पण त्यांना परभणीबिरभणी आठवतच नव्हती. "सर जिंकले! सर, दाणे काढा! सर, तुमी खायचे हायेत!"

"काय खायचं?"

"कायदा हाये सर!" झमकीनं पेटी त्यांच्या हातात दिली.

हेडमास्तरांनी पेटी उघडली. आत फुटाणे, भाजके शेंगदाणे आणि गुळाचा एक खडा. त्यांनी दुसरी उघडली. तिसरी. मग पोरांच्या तोंडांकडं पाहिलं. सगळी तोंडं त्या पेटीकडं लागलेली. मग गुरुजींकडं पाहिलं, त्यांच्या गळ्याशी ढिल्या झालेल्या कॉलरकडं. गुरुजी पुन्हा रिकामा फळा पुसायला निघाले होते.

हेडमास्तरांनी एक फुटाणा तोंडात टाकला, चावला, आणि पेटी शेजारच्या पोराच्या ओंजळीत उलटी केली. "एका डावानं काय कळतं," ते म्हणाले. "दुसरा मांडा."

शाळा सुटेपर्यंत हेडमास्तर पेटकरला हरवत बसले. भिंतीवरच्या पेट्या एकामागून एक रिकाम्या झाल्या. शेवटी हात झटकून उठले. "परभणीला पाठवता येणार नाही. जिल्ह्यापुढं आपली अब्रू जाईल." दारापर्यंत जाऊन मागं वळले. "पण पटावरून नाव काढू नका. असली पोरं असतात वर्गात. त्यांना येळ लागतो."

भट्टीत पेट्या आल्या नाहीत. सोमवारी माझ्याकडं भाजायला हरभऱ्याचं एक पोतं आलं. कुणी पाठवलं ते आणणाऱ्यानं सांगितलं नाही. वर निरगुडीची पानं चिकटलेली होती.

पुढच्या साली पाऊस झाला. शेतं उभी राहिली, पोरांच्या गालांवर मांस आलं, गुरुजी पुन्हा दोन भाकरीवर आले. पेट्यांतलं धान्य संपलं होतं. झमकीनं तांड्यावरून फुटक्या बांगड्यांचे रंगीबेरंगी तुकडे आणून दिले. "हे कोनी खात न्हाई गुर्जी," ती म्हणाली. शाळा सुटली आणि दुपारचं गिऱ्हाईक उलगडलं की गुरुजी पेटकरला पोत्यात घालून धाब्यावर आणायचे आणि माझ्याशी खेळवायचे. रोज मी जिंकायचो, रोज ते एकेक तुकडा काढायचे. हरणाऱ्याला कुणी रागवत नाही असा खेळ मी आयुष्यात पहिल्यांदाच खेळत होतो. तिथंच बाकावर त्यांनी मला पेट्यांवरचे छाप वाचायला लावले, आणि आज हे लिहितोय ते त्याच अक्षरांवर.

एके दिवशी ऊन उतरताना पेटकरनं मला कोंडीत धरलं. मी इकडं अडवावं तर तिकडून ओळ, तिकडं अडवावं तर इकडून. मी हरलो. मुद्दाम नाही, आईशपथ.

गुरुजी ताडकन् उभे राहिले. बोलायला तोंड उघडलं आणि आजूबाजूला बघायला लागले. सांगायला कुणी नव्हतं. शाळा सुटलेली, मालक झोपलेला. हातातला हिरवा तुकडा घेऊन ते रस्त्यापर्यंत गेले, परत आले. तेवढ्यात सरदारजीचा ट्रक येऊन थांबला. तो खाली उतरतो न उतरतो तोच गुरुजींनी त्याचा हात धरला.

"सरदारजी, हमारा लडका पास हो गया!"

"अरे वाह, मास्टरजी!" सरदारजीनं त्यांना उचलूनच धरलं. "कितने साल का है?"

"दो साल से जादा लग गया," गुरुजी म्हणाले. "बहोत मंद था. लेकिन हो गया."

सरदारजीला हिशेब लागला नाही, पण त्यानं मला ओरडून सगळ्यांसाठी चहा सांगितला. मी आधण ठेवलं. गुरुजी त्यांच्या खोलीवर गेले आणि चहा उकळेपर्यंत परत आले. अंगात पांढरा शर्ट होता, दोन खिशांचा, घड्या तशाच. बाकावर ताठ बसून त्यांनी सरदारजीच्या शुभेच्छा घेतल्या.

चहा झाल्यावर सरदारजीनं विडी काढली. गुरुजींचा हात पुढं आला, पण मध्येच थांबला. आज मागायचा संकोच वाटला असावा. सरदारजीनं विडी पेटवली, सगळ्या काड्या स्वतःच्या खिशात ओतल्या, एक पट्टी नखानं सोलून घेतली आणि पेटी गुरुजींच्या नव्या खिशात ठेवली.

"बच्चे के लिए," तो म्हणाला.