चुरीकाकांची चाल

आमच्या बोईसरच्या कारखान्यात गेटपासून बॉयलरपर्यंत शंभर-दीडशे पावलं. ती चालायला चुरीकाका पंधरा मिनिटं घ्यायचे. गुडघे जरासे वाकलेले, हात अंगापासून सुटे, आणि प्रत्येक पाऊल टेकवण्याआधी जमिनीची परवानगी मागितल्यासारखं. मागून फोर्कलिफ्टवाला ओरडायचा, "अरे चाचा, हटो ना!" काका मागे न बघता म्हणायचे, "तूच वळून जा. पानी दगडाशी भांडतं काय?"

हे सगळं चीनहून आलेलं.

चुरीकाका जवळच्याच माकुणसार गावचे. पंचवीस वर्षं बॉयलरवर. सासुरवाडी शेजारच्या केळव्याला, आणि तोच त्यांचा लांबचा प्रवास. अशा माणसानं चोपन्नाव्या वर्षी चार महिन्यांची बिनपगारी रजा टाकली, बायकोला तिच्या बहिणीकडे ठेवलं आणि सरळ चीनमधला एक डोंगर गाठला. तिथे ताओ मानणारे साधू कुंग फू शिकवतात म्हणे. ताओ म्हणजे वाट, असं काका सांगायचे. कोणती वाट, हे विचारलं की म्हणायचे, "ते सांगता आलं असतं तर मी पत्र लिवून विचारलं नसतं काय? चार महिने कशाला गेलो असतो?"

कँटीनमध्ये त्यांच्याभोवती घोळका जमायचा. सगळ्यात पुढे मी. मी सांगलीकडचा, लॅबमध्ये नोकरीला, आणि कारखान्यातला नावाजलेला नकलाकार.

"काका, जेवणाचं काय केलंत?"

"भाकरीचं पीठ नि सुका जवळा नेला व्हता. साधू सगळे शाकाहारी. जवळ्याची पिशवी सोडली, तर मठातली झाडून सगळी मांजरं माज्या दारात. गुरुजी बोलले, आतापर्यंत येवडे शिष्य कोनाला मिळाले नाय."

"आणि शिकलात काय?"

"पयला महिना नुसता उबा ऱ्हायलो. मी बोललो, गुरुजी, उबं ऱ्हायला तर मी रेशनच्या लायनीतच शिकलोय."

"मारामारी नाही शिकवली?"

"पडायला शिकवलं," काका म्हणाले आणि डब्यातली भाजी संपवायला लागले.

आम्ही टेबल बडवून हसलो. मी त्यांचं नाव 'चायना रिटर्न' ठेवलं. बायकोचा कंटाळा आला म्हणून डोंगरावर पळाले, अशीही पुडी मीच सोडली. ती दोन दिवसांत सगळ्या शिफ्टमध्ये फिरली.

मग कारखान्याचं स्नेहसंमेलन आलं. सगळे घरच्यांना घेऊन आलेले. मी स्टेजवर चुरीकाका केला. पँट पोटरीपर्यंत दुमडली, पाय फरफटत एकेक पाऊल टाकलं, आणि अंगात चिनी शक्ती आलीय हे दाखवायला उजवा हात थरथरवला. मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. पहिल्या रांगेत काका टाळ्या वाजवत होते. त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईंनी उजवा हात पदराखाली घेतला. ते मी स्टेजवरून पाहिलं. थंडी वाजत असेल असं वाटलं.

पंधरा दिवसांनी काका लॅबच्या दारात आले.

"येक काम करशील? रविवारी घरी ये नि आमच्या हिला सांग, तू माजी नक्कल केली व्हतीस. ती बोलते, तिची केली. तवापासून चालायला अंगनात येत नाय."

"त्यांची? मी कशी करीन? मी त्यांना ओळखतही नव्हतो."

"तेच येऊन सांग," काका म्हणाले. आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं.

रविवारी सकाळी मिठाईचा पुडा घेऊन मी माकुणसारला गेलो. मी अंगणातच थांबलो; काकू दाराची चौकट धरून उभ्या होत्या. उजवा हात थरथरत होता. अगदी तसाच. उलट स्टेजवर माझा जास्त वठला होता.

"हिचा पाय चालता चालता मधीच जमिनीला चिकटतो," काका म्हणाले. "हा आजार बरा व्हत नाय. पन तिकडं असल्या मान्सांना हात धरून चालवतात, तोल शिकवतात, असं मोबाईलवर बगितलं. म्हनून गेलो."

"मग कारखान्यात कशाला तसं चालता?"

"सवय मोडली तर मी भराभर चालायला लागेन. ही मागं ऱ्हाईल."

मी मिठाईचा पुडा खाली ठेवला. "काकू," मी म्हटलं, "मी काकांची नक्कल केली. तीही करायला नको होती."

काकू म्हणाल्या, "खोटं बोलत नाय वाटतं. पन तू तिकडं तोंड कर. मग येते मी."

मी वळलो. समोर केळीची रांग. मागे उंबरठ्यावरून पाऊल उतरल्याचा आवाज आला, मग दुसरं फरफटत आलं. काका हळू आवाजात चिनी आकडे मोजत होते आणि काकू ते त्यांच्यामागून चुकीचे म्हणत होत्या. काका एकदाही दुरुस्त करत नव्हते.

मधेच पावलं थांबली. मोजणंही थांबलं. मी घाबरून मान वळवायला लागलो, तेवढ्यात काकूंचा आवाज आला.

"अजून नाय."

मी पुन्हा केळींकडे तोंड केलं.